वाटून केलेले गणित आणि पाण्याने निवणारे यंत्र



कामगार चळवळीतल्या माणसाला व्यासपीठावर उभे केले म्हणजे तो महागाईभत्त्यावर नाहीतर किमान वेतनावर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात, आणि सहसा त्यांचा अंदाज चुकत नाही. यंदा चालकांनी विषय आमच्यावरच सोपविला. तेव्हा आमच्या कचेरीच्या मागच्या खोलीत गेली काही वर्षे जे एक यंत्र उभे आहे, त्याचीच हकीकत सांगावी असे आम्ही ठरविले. त्या यंत्राविषयी गावात पुष्कळ कंड्या पिकल्या आहेत. कोणी म्हणते, युनियनवाले तेथे शेअरबाजार खेळतात; कोणी म्हणते, ती संगणकावरची अदृश्य नाणी पाडतात. एका वयस्कर गृहस्थांनी तर नळ्यांतून पाणी फिरताना पाहून, रसवंतीगृह केव्हा उघडणार, अशी चौकशी केली.

ते यंत्र म्हणजे एक संगणक आहे. त्यात एकाऐवजी चार प्रोसेसर आहेत, तो पाण्याने थंड होतो, आणि त्यावर युनियनचे स्वतःचे काम काहीच चालत नसे. जगभरच्या लक्षावधी संगणकांनी वाटून घेतलेल्या एका अवाढव्य गणितातला आपला वाटा तो उचलीत असे. आम्ही इंजिनिअर नव्हे. जे हाताने केले आणि जे वाचून पडताळले, तेवढेच बोलू.

मोठे गणित वाटून करावयाची कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर, १७९० नंतरच्या दशकात, वजने-मापे दशमान पद्धतीवर आणण्याचे ठरले. त्यासाठी लॉगॅरिदमची आणि कोनांची नवी कोष्टके हवी होती. हे काम गास्पार द प्रोनी नावाच्या इंजिनिअराकडे आले. एकट्याने करावे तर जन्म पुरणार नाही. त्याने ॲडम स्मिथच्या ग्रंथातले टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन वाचले होते: एक जण तार ओढतो, दुसरा सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो. टाचण्या अशा होतात तर आकडे का होऊ नयेत, असे त्याने मनात घेतले. वर पाच-सहा गणिती ठेवले, त्यांनी फक्त सूत्रे ठरवावयाची. मध्ये सात-आठ हिशेबनीस, त्यांनी सूत्रांवरून तक्ते आखावयाचे. आणि खाली साठ-ऐंशी माणसे, ज्यांना बेरीज आणि वजाबाकी यांपलीकडे काही येण्याची गरज नव्हती. यांतले कित्येक जण पूर्वीचे न्हावी होते, असे सांगतात. सरदार-उमराव गेले, त्यांचे केशसंभारही गेले, आणि ते सजविणारे हात रिकामे झाले. प्रत्येक आकडा दोन वेगळ्या टोळ्यांकडून काढून घेत आणि मग ताडून पाहत.

एवढे करून ती कोष्टके पूर्ण छापली गेलीच नाहीत, कारण छपाईचा खर्च परवडेना. चार्ल्स बॅबेजने पुढे आपल्या १८३२ सालच्या ग्रंथात या कामाचे मोठे कौतुक केले आहे. आम्ही ते वाचले तेव्हा आमचे लक्ष कौतुकाकडे कमी आणि त्या न्हाव्यांकडे अधिक गेले. काम कोणी वाटले, कोणी केले, कोणी तपासले आणि शेवटी त्याचे फळ कोणाच्या कपाटात पडले, हे चार प्रश्न विचारावयाची आम्हाला सवयच आहे. आजच्या विषयातही तेच विचारावयाचे आहेत.

आता अलीकडे येऊ. १७ मे १९९९ रोजी अमेरिकेतल्या बर्कले येथील विद्यापीठाने 'सेटी ॲट होम' नावाचा उपक्रम सुरू केला. पोर्टो रिको बेटावर अरेसिबो येथे एक प्रचंड रेडिओ-दुर्बीण होती. तिने टिपलेल्या आवाजांत परग्रहावरच्या कोणा शहाण्या प्राण्याची हाक आहे काय, हे शोधावयाचे होते. आवाजांचा ढीग एवढा की विद्यापीठाचे संगणक पुरेनात. मग त्यांनी ढिगाचे लहान लहान तुकडे केले आणि लोकांना सांगितले की, तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा एक तुकडा घ्या, तपासा, उत्तर परत पाठवा. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदविले. एकच तुकडा एकाहून अधिक जणांना देत आणि उत्तरे ताडून पाहत; म्हणजे प्रोनीच्या दोन टोळ्याच झाल्या. ३१ मार्च २०२० रोजी त्यांनी नवे काम वाटणे थांबविले. हाक काही सापडली नाही. त्याच वर्षी १ डिसेंबरला ती दुर्बीणही कोसळली.

आमच्या यंत्राने ज्या कामात हात घातला ते निराळे. 'फोल्डिंग ॲट होम' हा उपक्रम स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांनी २००० साली सुरू केला. आपल्या शरीरातली प्रथिने म्हणजे लांबलचक साखळ्या. त्यांची घडी पडते, ती घडी हलते, उघडते, मिटते, आणि त्यावरच ते प्रथिन काय काम करील हे ठरते. घडी चुकली तर रोग. विषाणूचे प्रथिन असेल, तर त्याची घडी कोठे उघडते हे कळल्यास तेथे औषधाचा अणुसमूह अडकविता येईल, अशी आशा. ही हालचाल गणिताने काढावयाची म्हणजे प्रत्येक अणूवर बाकीच्यांची ओढ किती हे काढावयाचे, त्या ओढीने तो किती सरकेल ते पाहावयाचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे पाऊल असते दोन-चार फेम्टोसेकंदांचे. दोन फेम्टोसेकंदांचे एक पाऊल धरले तर एका सेकंदाची हालचाल पाहावयास पाचशे लाख कोटी पावले टाकावी लागतात.

येथे जाणत्या श्रोत्यांच्या मनात शंका आली असेल. आकाशातले आवाज कापून वाटता येतात, कारण सोमवारचा आवाज तपासावयास मंगळवारचा लागत नाही. पण येथे दुसरे पाऊल पहिल्यावर अवलंबून आहे. पहिले पडल्याशिवाय दुसरे कसे टाकणार? मग हे काम वाटावयाचे तरी कसे?

याचे त्यांनी शोधलेले उत्तर आम्हाला फार आवडते. समजा, या गावातला माणूस दिवसभर काय करतो हे तुम्हाला पाहावयाचे आहे. एका माणसाच्या मागे चोवीस तास फिरता येईल. पण हजार माणसांकडे, वेगवेगळ्या ठिकाणी, पाच-पाच मिनिटे पाहिले, आणि झोपेतून उठण्याकडे, उठून चहाकडे, चहाकडून कारखान्याकडे किती जण वळतात याची नोंद ठेवली, तरी दिवस जुळविता येतो. कोणा एकाचा दिवस नव्हे, पण दिवस कसा असतो तो. त्याचप्रमाणे प्रथिनाचे हजारो छोटे छोटे प्रवास निरनिराळ्या संगणकांवर मोजावयाचे आणि ते शास्त्रशुद्ध रीतीने जोडावयाचे. लांब रांग मोडून तिचे मैदान केले, असे म्हणा ना.

तरीही एक एक छोटा प्रवास जेथे मोजला जातो तेथे पावले ओळीनेच टाकावी लागतात. मोठ्या प्रथिनाचा प्रवास साध्या संगणकावर टाकला तर तो इतका रेंगाळतो की, उत्तर येईपर्यंत प्रश्न शिळा होतो. म्हणून एकाच पाटावर चार-चार प्रोसेसर बसविलेले संगणक हवेसे झाले. एका पावलातले लक्षावधी अणू या चौघांनी आपसांत वाटून घ्यावयाचे, पाऊल पुरे झाले की एकमेकांना निरोप द्यावयाचे, मग पुढचे पाऊल. हे वाटप गावभर पसरून चालत नाही, एकाच छपराखाली लागते, कारण निरोप दर क्षणाला द्यावे लागतात.

या निरोपांतच सगळी गोम आहे. जीन ॲमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली एक हिशेब मांडला. कामाच्या शंभर भागांपैकी पाच भाग असे असतील की ते एकट्यानेच करावे लागतात, तर बाकीच्या पंच्याण्णवांसाठी कितीही हात लावा, वेग विसाच्या पटीपुढे जात नाही. आमच्या यंत्रात अठ्ठेचाळीस हात आहेत. या हिशेबाने ते चौदा हातांएवढेच काम देतात. उरलेले चौतीस काय करतात? वाट पाहतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये ज्याने काम केले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. माग चोवीस आहेत, पण कांड्या भरून देणारा एकच आहे, मालक येऊन विणकराला विचारतो, "माग बंद का?" पुन्हा, चार प्रोसेसरांपैकी प्रत्येकाजवळ त्याची स्वतःची स्मृती असते. आपल्या हाताजवळची कांडी पटकन मिळते, शेजारच्या मागावरून आणावयाची तर उठून जावे लागते. म्हणून काम असे वाटावयाचे की उठावे लागू नये.

आपल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक देण्याचे नाकारल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक संस्था निघाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. एक बलदंड प्रोसेसर मिळत नाही तर पुष्कळ साधे एकत्र जोडू, हाच तेथला विचार.

२०१० सालच्या सुमारास परदेशातले हौशी लोक असे चार प्रोसेसरांचे संगणक घरी उभारू लागले. फोल्डिंगच्या चालकांनी बड्या कामांना जादा गुण ठेवले होते. लवकर उत्तर द्याल तर आणखी गुण. गुण म्हणजे पैसे नव्हेत, नुसती फळ्यावरची शाबासकी. पण त्यासाठी लोकांनी पदरचे पैसे घालून यंत्रे उभी केली, संघ काढले, चढाओढी लावल्या. पुढे चालकांनी किमान किती कोअर हवेत ती अट वाढवीत नेली, आणि जानेवारी २०१५ अखेर ही बडी कामेच बंद केली. त्यांची कारणे शास्त्रीय असतील. पण तुकड्यावर काम करणाऱ्याला न विचारता दर बदलला की काय वाटते, हे आम्ही जाणतो. बिनपगारी कामातसुद्धा ते तसेच वाटते.

आमचा संबंध आला तो २०२० साली. मार्च महिन्यात टाळेबंदी झाली, माग थांबले, आणि सोलापुरातल्या गल्ल्यांत जी शांतता पसरली ती आम्ही जन्मात ऐकली नव्हती. त्याच दिवसांत फोल्डिंगने कोरोना विषाणूच्या प्रथिनांचे काम हाती घेतले. ग्रेग बोमन तेव्हा त्याचे प्रमुख होते. इतके लोक धावून आले की महिनाअखेर त्या सगळ्या संगणकांची मिळून शक्ती सेकंदाला १ वर अठरा शून्ये इतक्या हिशेबांच्या पुढे गेली. तेवढा वेग तोपर्यंत जगातल्या कोणत्याही एका महासंगणकाने गाठला नव्हता. आणि गंमत अशी की त्या दिवसांत काम मिळेना! मदतीचे हात आले, पण तुकडे पाडून देणारे केंद्रातले संगणक अपुरे पडले. कामगार दाराशी उभे, आणि आत कच्चा माल नाही.

या सगळ्या खटाटोपाचे फळ २०२१ साली 'नेचर केमिस्ट्री' या नियतकालिकात आले. दहा लाखांहून अधिक लोकांनी मिळून त्या विषाणूच्या प्रथिनांची हालचाल मोजली, ती एकूण एक दशांश सेकंदाची. हा आकडा ऐकून आमचे एक सहकारी म्हणाले, "एवढ्यासाठी?" पण त्या दशांश सेकंदात विषाणूचा काटा कसा उघडतो, आणि साध्या चित्रात न दिसणाऱ्या कोणत्या खोबणी त्यात तयार होतात, ते दिसले.

आमच्या रात्रवर्गातल्या काही तरुणांनी हे वाचले आणि आपणही हातभार लावू असा आग्रह धरला. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या एका कंपनीने भंगारात काढलेला सर्व्हर वजनाच्या भावात मिळाला. त्यात ए.एम.डी. कंपनीचे २०१० सालच्या बनावटीचे चार ऑप्टेरॉन प्रोसेसर होते, प्रत्येकी बारा कोअर. सुरू केला तर त्याचे छोटे पंखे असे किंचाळू लागले की शेजारच्या वाचनालयातली मुले तक्रार घेऊन आली. तेही सोसले असते. पण आमची कचेरी यंत्रमागांच्या गल्लीत आहे. हवेत कापसाचे तंतू तरंगतात. माग सुरू होते. आठ दिवसांत पंख्यांच्या मागच्या पत्र्यांवर गादी जमली आणि यंत्र तापून आपोआप बंद पडले.

संगणकात गेलेली सगळी वीज शेवटी उष्णता होते. गणित हे तिचे वाटेतले काम, मुक्काम उष्णतेतच. आमचे चार प्रोसेसर मिळून सुमारे ४६० वॅट घेत, सगळे यंत्र सहाशेच्या घरात. म्हणजे बंद खोलीत एक शेगडी दिवसरात्र पेटलेली. ती उष्णता हवेने न्यावयाची, आणि हवा दहा अंशांहून जास्त तापू द्यावयाची नाही, तर त्या चौघांवरून मिनिटाला २,३०० लीटर हवा वाहती ठेवावी लागते, तीही तंतूंनी भरलेली. तेच पाण्याने न्यावयाचे तर मिनिटाला पाऊण लीटरसुद्धा नको. तेवढ्याच आकारमानात पाणी हवेच्या तीन हजार पटींहून अधिक उष्णता उचलते. शिवाय पाणी नळीतून हवे तिकडे नेता येते. उष्णता टाकणारा रेडिएटर भिंतीपलीकडे व्हरांड्यात ठेवावा आणि रविवारी पाण्याने धुवावा. यंत्राची खोली बंद.

मोठ्यांच्या घरी हे पूर्वीपासून आहे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांतून १९६० च्या दशकापासून पाणी खेळत आले आहे. सीमोर क्रे यांच्या १९८५ सालच्या क्रे-२ मधली सर्किटे तर एका निष्क्रिय द्रवात बुडालेलीच असत. अमेरिकेत ओक रिज येथे २०२२ साली उभा राहिलेला 'फ्रंटियर' पाण्यावरच चालतो. आमच्याजवळ मात्र एक टर्नर, एक रेडिएटर दुरुस्त करणारा आणि एक प्लंबर होता.

टर्नरने तांब्याच्या जाड पट्टीचे चार ठोकळे कापले, त्यांत बारीक चर पाडले आणि वर झाकण बसविले. प्रोसेसरला लागणारी बाजू सपाट हवी. ती काचेवर पॉलिश पेपर ठेवून तीन संध्याकाळी घासली. मग नळ्या कशा जोडाव्या यावर वाद झाला, आणि तो सांगण्यासारखा आहे. एकातून निघालेले पाणी दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, असे ओळीने न्यावयाचे, की चौघांना स्वतंत्र फाटे द्यावयाचे? आम्ही अर्थातच स्वतंत्र फाट्यांच्या बाजूचे. ओळीतल्या शेवटच्याला सगळ्यांचे उष्टे, तापलेले पाणी का? चौघांना सारखे थंड पाणी मिळाले पाहिजे! प्लंबर शांतपणे म्हणाला, "साहेब, चार फाट्यांतला एक तुंबला तर पाणी बाकीच्या तिघांतून निघून जाईल. पंप चालू दिसेल, पाणी फिरताना दिसेल, आणि तो एक मरेल. ओळीत असले तर एकाचे अडले की सगळ्यांचे अडते, आणि लगेच कळते." हिशेब केला. मिनिटाला चार लीटर पाणी फिरविले तर पहिल्या आणि शेवटच्यात फरक पडतो दोन अंशांहूनही कमी. आम्ही आमचा ठराव मागे घेतला. युनियनच्या माणसाला याहून चांगला धडा प्लंबराकडून मिळावयाचा नव्हता.

पंप पहिल्यांदा कूलरचा लावला. त्याला बारीक चरांतून पाणी ढकलवेना. मग बारा व्होल्टचा दुसरा आणला. पाणी बॅटरीत घालावयाचे, कारण नळाच्या पाण्याचे क्षार चरांत बसतात. सगळे जोडून, यंत्राला वीज न देता, फक्त पंप चोवीस तास चालविला आणि प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली. सकाळी एका अग्रलेखावर रुपयाएवढा ओला डाग होता. तो सांधा बदलला, पुन्हा चोवीस तास. फेब्रुवारी २०२१ मध्ये यंत्र कामाला लागले.

सहा आठवड्यांनी ते तापू लागले. पंप ठीक, पाणी भरपूर, पण प्रवाह मंदावलेला. ठोकळा उघडला तर चरांत पांढरट चिकट गाळ. चूक आमची होती आणि ढळढळीत होती. रेडिएटर आम्ही अलीकडच्या मोटारीचा घेतला होता, तो ॲल्युमिनियमचा, ठोकळे तांब्याचे. दोन भिन्न धातू एकाच पाण्यात आले की ती बॅटरीच होते, आणि त्यांतला दुबळा धातू झिजत जातो. बॅटरीचे पाणी विकत आणताना हे कोणाच्या डोक्यात आले नाही! मग एका जुन्या ट्रकचा तांबे-पितळेचा रेडिएटर मिळविला, सगळे धुऊन पुन्हा भरले. तेव्हापासून ती तक्रार नाही. मात्र पाण्याने थंड होते म्हणजे गार होते असे नव्हे. व्हरांड्यात ४२ अंश असतील तर पाणी त्याहून वरच राहणार. एप्रिलच्या दुपारी यंत्र बंद ठेवावे लागे.

त्याच एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. त्या दिवसांचे वर्णन येथे करीत नाही. या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी ते झालेले आहे. आमचे कित्येक सभासद गेले. इस्पितळांत खाट मिळेना. कोणी दोन प्राणवायूची यंत्रे आणून दिली, ती हवेतून प्राणवायू वेगळा करतात ती. ठेवावयाची कोठे? मागची खोली मोकळी होती आणि तेथे दिवसरात्र चालेल अशी पक्की वायर ओढलेली होती, या संगणकासाठी. ती दोन यंत्रे मिळून जवळजवळ तेवढीच वीज घेत. आम्ही संगणकाचा प्लग काढला आणि त्या जागी ती लावली. एकोणीस दिवस तेथे आळीपाळीने माणसे झोपली. त्यांतली काही घरी गेली, काही गेली नाहीत.

प्लग काढला तेव्हा यंत्रावर एक काम अर्धे झाले होते. प्रत्येक कामाला मुदत असते. मुदतीत उत्तर आले नाही तर केंद्र तेच काम दुसऱ्या कोणाला देते. आम्ही यंत्र पुन्हा लावले तेव्हा आमच्या कामाची मुदत टळून गेली होती. ते काम कोठेतरी दुसऱ्या कोणाच्या यंत्राने पुरे केले असणार, आणि आमच्या यंत्राने मागितल्याबरोबर त्याला नवे काम मिळाले. काही विचारणा नाही, खाडा नाही, दंड नाही. आम्ही गिरणीतले बदली कामगार पाहिले आहेत. पहाटे दाराशी उभे राहावयाचे, कोणी आजारी पडला तर त्याच्या जागी आत जावयाचे, आणि तो बरा होऊन आला की पुन्हा दाराशी. एकाचे दुखणे ही दुसऱ्याची भाकरी. येथेही बदलीच होती. पण कोणाची भाकरी कोणाच्या दुखण्यावर अवलंबून नव्हती. बिनपगारी कामातच असे जमते काय, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून सुटलेला नाही.

ऑगस्टमध्ये सर्वसाधारण सभा झाली आणि विजेचे बिल पुढे आले. दिवसरात्र चालले तर महिन्याला सव्वाचारशे युनिट. वर्गणी कामगारांची, त्यांतले निम्मे कित्येक महिने बेकार. एक विडी कामगार भगिनी उठल्या. म्हणाल्या, "अण्णा, आम्ही विड्या वळतो, हजाराला दर ठरलेला आहे. खराब निघाल्या की छाट होते, तीही आम्हाला ठाऊक आहे. या यंत्राच्या हजाराला दर काय? आणि त्यातून औषध निघाले तर ते आम्हाला कोणत्या भावाने मिळणार?"

सभेत आम्ही पुष्कळ वर्षे बोललो आहोत, पण तेव्हा लगेच तोंड उघडले नाही. मग जे खरे तेच सांगितले. दर काही नाही. गणिताची उत्तरे सर्वांसाठी खुली ठेवतात. याच गणितांचा उपयोग करणारा 'कोविड मूनशॉट' नावाचा एक प्रयत्न मार्च २०२० पासून चालू आहे, आणि आपल्या शोधावर पेटंट घेणार नाही असे त्याने जाहीर केले आहे. पण खुल्या कागदापासून गोळीपर्यंत कारखाने लागतात, परवाने लागतात, भांडवल लागते, आणि तेथून पुढचा भाव आपल्या हातात नाही. त्या म्हणाल्या, "मग वर्गणीतून नको. ज्याला द्यावयाचे त्याने डब्यात टाकावे." ठराव तसाच झाला, आणि आमचे मतही त्यालाच पडले. दाराशी एक बिस्किटांचा डबा ठेवला. डब्यात जेवढे पडे तेवढ्या रात्री यंत्र चाले. पहिली नाणी त्यांनीच टाकली, हेही सांगितले पाहिजे.

दोन वर्षे ते असे रात्रपाळीवर चालले. मग अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आला आणि त्याने हिशेब करून दाखविला की आजचे एक ग्राफिक्स कार्ड आमच्या अठ्ठेचाळीस कोअरहून कितीतरी अधिक काम निम्म्या विजेत करते. हिशेबात खोट नव्हती. मोठ्या अविभाज्य संख्या शोधणाऱ्या 'गिम्प्स' या १९९६ पासून चाललेल्या उपक्रमातही तेच झाले. तेथे वर्षानुवर्षे घरातल्या साध्या संगणकांनी नवी संख्या शोधली; ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची संख्या मात्र लूक ड्युरांट यांनी सतरा देशांत भाड्याने घेतलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांनी शोधली. जुन्या हातमागापुढे यंत्रमाग आला तेव्हा काय झाले, ते या गावाला सांगावयास नको.

त्यामुळे आमचे यंत्र २०२३ पासून गणितातून निवृत्त झाले. आता ते रात्रवर्गाला शिकविण्यासाठी आहे. मुले ठोकळा उघडतात, चर पाहतात, नळ्या काढून पुन्हा जोडतात, आणि ओळीने की फाट्यांनी हा वाद दर वर्षी नव्याने घालतात. यंदाच्या तुकडीने फाट्यांचा हट्ट धरला आहे. त्यांनी तसे जोडून पाहावे असे आम्ही सांगितले आहे. एक फाटा मुद्दाम चिंधीने तुंबवावयाचा आणि काय होते ते मोजावयाचे, असा बेत आहे. पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता, ऊन चढण्यापूर्वी. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. येताना बॅटरीच्या पाण्याची एखादी बाटली आणलीत तर बरे होईल. मागच्या खेपेला बरेच सांडले.